आई, पन्हं सांडलं!

मे महिन्यात बुऱ्हाणपूरच्या घरात पहिला मान कूलरचा, त्याच्या खालोखाल संगमरवरी फरशीचा. पारा पंचेचाळिशीला टेकला की मुलं चटई सारून उघड्या पाठीनं फरशीवरच लोळतात. तिथंच खातात, तिथंच चित्रं रंगवतात. आणि ही फरशी आपण पोटाला चिमटा काढून, हौसेनं घातलेली. पेला कलंडल्याचा आवाज आला की आपल्या तोंडून आधी निघतं, "काय केलंस हे!"

दुकान, लूम, शाळेची ने-आण, नळाची वेळ, एवढं सगळं उरकून आलेल्या माणसाचा आवाज चढतोच. त्यात कुणाचा दोष काढायला मी बसलेली नाही. फक्त एवढंच बघा, ओरडा खाल्लेलं मूल पुढच्या खेपेला सांडायचं थांबत नाही, सांगायचं थांबतं. सांडल्या जागेवर चटई ओढतं, नाहीतर स्वतःच त्यावर फतकल मारून बसतं. तुम्ही "ऊठ" म्हणता आणि ते उठत नाही, तेव्हा समजून जायचं.

संगमरवराला तर नेमकी हीच दिरंगाई सोसत नाही. हा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुन्याच्याच कुळातला. लिंबाचं सरबत, कैरीचं पन्हं, चिंच, दही, काहीही आंबट लागलं की वरची चकाकी काही मिनिटांत मरते. उजेडात तिरकं बघितलं की निस्तेज चट्टा दिसतो, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागतो. तो डाग नसतोच, तेवढा दगड खाल्लेला असतो. कितीही पुसा, जात नाही. पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. हळद, तेल, चहा, कच्च्या केळ्याचा चीक यांचं वेगळं. ते दगडात मुरतात, पण लगेच टिपले तर बरेचसे निघतात.

म्हणजे फरशी वाचते ती मूल किती लवकर हाक मारतं यावर.

आता थोडं आपल्याबद्दल. दिवाळीच्या सफाईत बाथरूमचं ॲसिड 'जरासं' हॉलमध्येही कोण फिरवतं? बोअरच्या पाण्याचे पांढरे ओघळ निघावेत म्हणून आपणच. आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या जमिनीखालच्या पाणवाटांत उतरला असाल तर भिंतींवर साचलेला पांढरा थर पाहिला असेल. पाण्यातला चुनाच तो. आपल्या नळाखालचा थरही तसाच, आणि फरशीही मुळात त्याच पदार्थाची. थर खाणारं ॲसिड फरशीलाही खाणारच, त्याला कुठं कळतं कुठं थांबायचं ते! पोरांच्या वर्षभराच्या सांडलवंडीनं होत नाही एवढी नासाडी एका दुपारी होते. वर त्याची वाफ खेळत्या मुलांच्या नाकात जाते, ते वेगळंच.

ताजमहाल इथंच होणार होता, ही गोष्ट आपण प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. मुमताज 1631 मध्ये इथंच गेली, तापीपलीकडे झैनाबादला तिला आधी दफन केलं, एवढं तर खरंच. त्या ताजचा पिवळेपणा काढायला पुरातत्त्व खातं काय वापरतं? मुलतानी माती. लेप लावायचा, वाळू द्यायचा, पाण्यानं धुवायचा. ॲसिडचं तिथं नाव नाही.

आपल्या रोजच्या पोछ्याला तर तेवढंही नको. आधी मऊ झाडूनं किंवा कोरड्या कापडानं धूळ काढा, कारण बारीक रेतीच फरशीवर ओरखडे पाडते. मग कोमट पाण्यात सौम्य, लिंबू नसलेल्या भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, त्यावर साध्या पाण्याचा हात, शेवटी कोरडं फडकं. ओलं राहू दिलं तर जड पाण्याचे ठिपके उमटतात आणि धावणारी पोरंही घसरतात. तेल मुरलंच तर खायच्या सोड्याची घट्ट लेई थापा, वर प्लास्टिक झाका, रात्रभर ठेवा. सकाळी हलकेच काढा, घासू नका. एकदा जाईल, एकदा नाही जाणार, हेही सांगून ठेवते.

मुलांच्या हाताला येईल अशा खुंटीवर एक सुती फडकं त्यांच्या नावाचं ठेवा. सांडलं की टिपायचं, चोळायचं नाही. चोळलं की पसरतं. पाच वर्षांचं मूलही हे ऐटीत करतं. टिपून झाल्यावर ते तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. तेव्हा कितीही घाई असली तरी "बरं झालं सांगितलंस" म्हणायला विसरू नका.

एखादा चट्टा राहीलच. मुलं असलेल्या घरात फरशी आरशासारखी राहत नाही, आणि पाहुणेही ती बघायला येत नाहीत. ॲसिडची बाटली मात्र आजच घराबाहेर काढा.