जुनी कॉमिक्स, जुनी खेळणी : स्वस्त माल कोणाच्या हाती लागतो?

अमेरिकेत जून १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक दहा सेंटांना विकला गेला. सुपरमॅनची पहिली चित्रकथा त्यात होती. त्याच अंकाची एक जुनी प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात साठ लाख डॉलरला गेली. १९९१ साली तेथेच 'एक्स-मेन' या नव्या मालिकेचा पहिला अंक निघाला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. तो अंक आजही थोड्या डॉलरमध्ये मिळतो. दोन्ही अंक पहिले आणि दोन्ही लोकप्रिय. मग भावात एवढे अंतर का पडले? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट समजले, त्यालाच जुन्या मालात स्वस्त सौदा करता येतो. ज्याला समजले नाही, त्याचे भांडवल अडकते.

कॉमिक्स म्हणजे मुलांचा खेळ असे समजून कोणी पान उलटू नये. आपल्या वाचकांपैकी कित्येक जण जुने सामान, घड्याळे, रद्दी, जुनी भांडी यांचा धंदा करतात. कित्येक कारागीर लाकडाची, धातूची, कापडाची वस्तू हाताने घडवतात. माल वेगळा असला तरी भाव ठरण्याची रीत एकच आहे. कॉमिक्सच्या बाजारात ती रीत फार स्पष्ट दिसते, कारण तेथे प्रत्येक नगावर तारीख आणि मूळ किंमत छापलेली असते.

हा बाजार कोठे भरतो?

अमेरिकेत कॉमिक्स आणि खेळण्यांच्या शौकिनांचे मेळे भरतात. त्यांना 'कन्व्हेन्शन' म्हणतात. सर्वांत प्रसिद्ध मेळा कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहराचा. १९७० साली तो एका हॉटेलात सुरू झाला, तेव्हा सुमारे तीनशे लोक आले होते. आता दरवर्षी उन्हाळ्यात सव्वा लाखांहून अधिक लोक येतात. चित्रपट कंपन्या, खेळण्यांचे कारखाने, चित्रकार आणि जुन्या मालाचे व्यापारी तेथे आपापली टेबले मांडतात. याशिवाय लहान शहरांत हॉटेलच्या एखाद्या दालनात एका दिवसाचे छोटे मेळे भरतात. मोठ्या मेळ्यात गर्दी आणि गाळ्याचे भाडे जास्त, म्हणून भावही चढे असतात. स्वस्त माल शोधणारे जाणकार लोक छोट्या मेळ्यांकडे वळतात, ते याच कारणाने.

भाव तीन गोष्टींनी ठरतो

पहिली गोष्ट म्हणजे किती नग शिल्लक आहेत. किती तयार झाले याला फारसे महत्त्व नाही. 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक सुमारे दोन लाख प्रतींचा होता. पण मुलांनी तो वाचला, फाडला आणि फेकून दिला. पुढे महायुद्धाच्या काळात अमेरिकेत घरोघरची रद्दी गोळा केली गेली, तीत असंख्य अंक गेले. आज त्याच्या ज्ञात प्रती शंभराच्या आसपास आहेत.

दुसरी गोष्ट मालाची अवस्था. डेन्व्हर येथील एडगर चर्च नावाच्या एका चित्रकाराने आपल्या घरी कॉमिक्सचे गठ्ठे नीट रचून ठेवले होते. त्या भागाची हवा कोरडी आणि थंड, त्यामुळे कागद पिवळा पडला नाही. १९७७ साली चक रोझान्स्की या तरुण व्यापाऱ्याने हा हजारो अंकांचा साठा विकत घेतला. त्याने किंमतपुस्तकातील भावापेक्षा जास्त भाव मागितला आणि गिऱ्हाइकांनी तो दिलाही. तोच महिना, तोच अंक, पण कागद पांढरा म्हणून किंमत वेगळी. जपणुकीत मेहनत आहे आणि त्या मेहनतीला बाजारात दाम आहे.

तिसरी गोष्ट मागणी. एखादा अंक दुर्मीळ असला तरी तो कोणालाच नको असेल, तर तो नुसता जुना कागद आहे. एखाद्या पात्राची पहिली कथा असलेल्या अंकाला मागणी असते. नोव्हेंबर १९७४ च्या 'इन्क्रेडिबल हल्क' क्रमांक १८१ मध्ये वुल्व्हरिन हे पात्र प्रथम पूर्ण कथेत आले. म्हणून पंचवीस सेंटांचा तो अंक आज हजारो डॉलरला जातो. त्याच्या आगेमागेचे त्याच मालिकेचे बरेच अंक मात्र त्या मानाने फार स्वस्त मिळतात.

साठवण्यासाठी केलेला माल महाग होत नाही

आता 'एक्स-मेन'च्या अंकाकडे वळू. तो पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांसह काढला होता. पुढे भाव चढेल या आशेने एकेका गिऱ्हाइकाने पाचही घेतले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या बंद पिशवीत निघाला, तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या. त्याच्याही लाखो प्रती लोकांनी जपून ठेवल्या. सर्वांनीच जपल्यामुळे तो कधी दुर्मीळ झालाच नाही.

यात खरी झळ लहान दुकानदारांना बसली. तेथील कॉमिक्सची दुकाने प्रकाशकांचा माल चांगल्या सवलतीत, पण परत न करण्याच्या अटीवर घेत असत. न खपलेला माल दुकानदाराच्याच माथी. तेजीत त्यांनी ढीगच्या ढीग मागवले. गिऱ्हाइकांचा सट्टा थांबला तेव्हा भांडवल खोक्यांत अडकले आणि हजारो दुकाने बंद पडली. मार्व्हलसारख्या मोठ्या कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी पुढे सावरली. बंद पडलेली छोटी दुकाने मात्र पुन्हा उघडली नाहीत.

खेळण्यांतही हेच घडले. 'स्टार वॉर्स' चित्रपट १९७७ च्या मे महिन्यात आला. खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीचा माल नाताळापर्यंत तयार झाला नाही, म्हणून तिने नुसता पुठ्ठ्याचा लिफाफा आणि आत मागणीपत्र असे विकले. चार बाहुल्या पुढच्या वर्षी टपालाने घरी आल्या. मुलांनी त्या मनसोक्त खेळून मोडल्या, हरवल्या. म्हणून त्या काळातील न उघडलेला नग आज फार महाग आहे. १९९५ मध्ये केनरने त्याच चित्रपटाची खेळणी पुन्हा काढली, तेव्हा मोठ्या माणसांनी ती न उघडता खोक्यात ठेवली. आज ती मेळ्यात सीलबंद अवस्थेतही ढिगाने आणि स्वस्तात मिळतात.

यावरून एक नियम ध्यानात ठेवावा : ज्या मालावर 'संग्रहासाठी', 'मर्यादित' असे छापून तो गाजावाजा करून विकला जातो, त्यात वाढीच्या आशेने भांडवल घालू नये. आवडीसाठी एखादा नग घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा.

माल हातात घेऊन पाहावा

कॉमिक्स घेताना फक्त मुखपृष्ठ पाहून पैसे देऊ नयेत. मधल्या पानाच्या पिना गंजल्या आहेत का, मधले पान सुटले आहे का, कण्यावर मोडीच्या रेषा आहेत का, हे पाहावे. पाने एकेक उलटावीत. १९७४ पासून मार्व्हलच्या कित्येक अंकांत कापून चिकटवण्याचे चित्र-तिकीट छापलेले असे. मुलांनी ती तिकिटे कात्रीने कापली. वर सांगितलेल्या 'हल्क' अंकातील तिकीट कापलेले असेल, तर बाहेरून प्रत सुरेख दिसली तरी किंमत फार खाली येते. पान न उलटता घेणारा तेथेच फसतो. प्रकाशकाने स्वतःच जुन्या अंकांच्या हुबेहूब प्रतिकृतीही काढल्या आहेत. आतील बारीक अक्षरांतला मजकूर वाचला की नवे-जुने कळते.

खेळण्यांत लहान सुटे भाग पाहावेत. केनरच्या बाहुल्यांची इवलीशी शस्त्रे आणि अंगरखे हरवलेले असतात आणि त्यांच्या जागी नवी नक्कल घातलेली असते. 'जावा' नावाच्या छोट्या बाहुलीला प्रथम प्लॅस्टिकचा अंगरखा होता, थोड्याच काळात तो कापडाचा केला गेला. प्लॅस्टिकवाली बाहुली दुर्मीळ, म्हणून लबाड लोक दुसऱ्या बाहुलीचा प्लॅस्टिकचा अंगरखा कापून तिला घालतात. पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडले आहे का, पुठ्ठ्यावरचा पारदर्शक फुगा पुन्हा चिकटवला आहे का, हेही पाहावे.

महागड्या नगांसाठी २००० सालापासून सीजीसी ही कंपनी कॉमिक्स तपासून दहापैकी गुण देते आणि अंक कठीण प्लॅस्टिकमध्ये बंद करते. दुरुस्ती केलेल्या प्रतीला ती जांभळी चिठ्ठी लावते. तपासणीचा खर्च मात्र दोन-चार डॉलरच्या अंकाला परवडत नाही. तेथे आपला डोळाच उपयोगी पडतो.

घासाघिशीची वेळ

मेळ्यात शिरताच पहिल्या टेबलावर खरेदी करू नये. एक फेरी पूर्ण मारावी. तोच अंक तीन ठिकाणी तीन भावांना दिसतो. हवा असलेला माल कागदावर लिहून न्यावा आणि प्रत्येकापुढे आपली वरची मर्यादा लिहावी. भाव पाहताना कोण किती मागतो याकडे लक्ष देऊ नये. अलीकडे तो नग प्रत्यक्ष कितीला विकला गेला, तेवढेच धरावे.

दुर्मीळ नग हवा असेल तर पहिला दिवस साधावा, कारण जाणकार गिऱ्हाईक तो लगेच उचलतो. साधा माल स्वस्तात हवा असेल तर शेवटच्या दिवसाची दुपार बरी. कॉमिक्सने भरलेले लांब खोके सुमारे वीस किलोचे असते. गाळ्याचे भाडे, हॉटेल, वाहतूक यांचा खर्च करून आलेल्या व्यापाऱ्याला ते परत गाडीत चढवण्यापेक्षा विकलेले बरे वाटते. सुटा एक अंक घासण्यापेक्षा दहा-वीस अंकांचा गठ्ठा पुढे करावा आणि सर्वांचा मिळून भाव विचारावा. हातात रोख असावी, बोलणे सभ्य असावे. त्याच्या मालाला नावे ठेवून भाव पाडू पाहणाऱ्याला तो चांगला नग दाखवत नाही. टेबलाखाली एका डॉलरची खोकी असतात, ती चाळायला कंबर मोडते. पण खरा स्वस्त माल बहुधा तेथेच असतो, कारण विक्रेत्याला प्रत्येक अंक तपासायला वेळ मिळालेला नसतो.

विक्रेत्यासाठीही धडा आहे. वर उल्लेख केलेल्या रोझान्स्की यांच्या 'माइल हाय कॉमिक्स'ने सॅन दिएगोच्या मेळ्यात ४४ वर्षे गाळा लावला आणि वाढता खर्च परवडेना म्हणून २०१७ मध्ये तेथे जाणे थांबवले. गर्दी जास्त म्हणजे नफा जास्त, असे नेहमीच नसते. प्रदर्शनात गाळा घेण्यापूर्वी भाडे, प्रवास, मुक्काम आणि परत आणावा लागणारा माल, हे सगळे वजा करून हिशोब मांडावा. दुसरे असे की, मालातील दोष आधी सांगणाऱ्या व्यापाऱ्याकडेच शौकीन पुन्हा येतो. या धंद्यात गिऱ्हाइके थोडी आणि एकमेकांना ओळखणारी. एकदा झाकलेला दोष साऱ्या बाजारात कळतो.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे असे मेळे नवे आहेत. दिल्लीत २०११ साली पहिला 'कॉमिक कॉन' भरला, नंतर मुंबईसह इतर शहरांत भरू लागले. पण जुना माल आपल्याकडेही आहे. मुंबईहून १९६४ ते १९९० या काळात 'इंद्रजाल कॉमिक्स' निघत. त्यातील वेताळ आणि मॅण्ड्रेक मराठीतही वाचले गेले. तेही मुलांनी वाचून फाडले आणि घरच्यांनी रद्दीत घातले. म्हणून आता शौकीन ते शोधत फिरतात. रद्दीचा धंदा करणाऱ्या बांधवांनी गठ्ठा किलोवर मोडीत घालण्यापूर्वी एकदा चाळून पाहावा. मिळालेला अंक ओल, ऊन आणि वाळवीपासून दूर, सपाट पुठ्ठ्याला लावून ठेवावा. फाटलेले पान चिकटपट्टीने जोडू नये. तिचा डिंक कागद खातो आणि भाव उतरतो.

मात्र घरखर्चाचा पैसा किंवा उधारीचे भांडवल यात घालू नये. जुना माल कधी विकला जाईल हे गिऱ्हाईक ठरवते, आपण नाही. ज्याचा डोळा तयार आहे आणि ज्याला थांबणे परवडते, त्याच्याच हाती स्वस्त माल लागतो. डोळा तयार व्हायला वेळ लागतो, पण पैसा लागत नाही. तेव्हा सुरुवात एका डॉलरच्या खोक्यापासून करावी. आपल्याकडे ते खोके म्हणजे रद्दीचा गठ्ठा.