सेंटरची किंमत पॉइंट्सपलीकडे

चि. भाच्यास,

आइस हॉकीतल्या गेल्या पंधरा वर्षांच्या वीस उत्तम सेंटरांची, म्हणजे मधल्या फॉरवर्डची, तुझी यादी टोरोंटोहून पोचली. मेहनत दिसते. पण यादी नुसत्या पॉइंट्सच्या उतरत्या क्रमाने लावली आहे आणि तिच्यात पॅट्रिस बर्जेरॉन कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

बोस्टन ब्रुइन्सच्या या सेंटरने एकाही मोसमात 80 पॉइंट्स गाठले नाहीत. 2018-19 मधले 79 हा त्याचा उच्चांक. तरीही बचावात सर्वांत सरस ठरणाऱ्या फॉरवर्डची सेल्की ट्रॉफी त्याने 6 वेळा जिंकली. इतक्यांदा ती दुसऱ्या कुणालाही मिळालेली नाही.

त्याचं काम जवळून पाहण्यासारखं असायचं ते फेस-ऑफच्या, म्हणजे दोन सेंटरांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू होतो त्या वेळी. समजा, वर्तुळ बोस्टनच्याच गोलपाशी आहे. नियमानुसार बचाव करणाऱ्याला स्टिक आधी टेकवावी लागते, म्हणजे अर्ध्या क्षणाचा फायदा समोरच्याला. बर्जेरॉन खाली वाकलेला, नजर लाइन्समनच्या हातावर. पक पडतो, मनगट वळतं आणि पक मागे डिफेन्समनकडे जातो. हरलाच, तर तो लगेच समोरच्या सेंटरला अंगाने अडवून धरतो. यातलं काहीच पॉइंट्सच्या रकान्यात उतरत नाही. अर्थात फेस-ऑफची टक्केवारीही डोळे झाकून धरू नये. बऱ्याच फेस-ऑफनंतर फारसं काही घडत नाही. महत्त्व असतं ते शेवटच्या मिनिटाला, एका गोलची आघाडी राखताना.

मुळात पॉइंट म्हणजे काय? एका गोलमागे मारणाऱ्याला एक आणि पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना एकेक. बचाव फोडणारा पास आणि सहज सरकवलेला पास, दोन्हींची किंमत सारखीच. त्यात पॉवर प्लेची भर. 2022-23 मध्ये कॉनर मॅकडेव्हिडने 153 पॉइंट्स केले, त्यातले 71 समोरचा संघ एक माणूस कमी असताना आले. उरलेले 82 सुद्धा थक्क करणारेच आहेत, तेव्हा हे त्याला उणं लेखणं नव्हे. पण प्रत्येकाच्या आकड्याची अशी फोड करून पाहावीच लागते. शिवाय यजमान प्रशिक्षकाला खेळाडू बदलण्याची शेवटची संधी मिळते. आपल्या सेंटरसमोर कोण येणार, हे तो ठरवू शकतो. परक्या रिंकवर ही सोय नसते, म्हणून तिथले सामने जास्त बोलके.

डेट्रॉइटच्या स्टीव्ह आयझरमन या सेंटरची गोष्ट मामाला सर्वांत प्रिय. 1988-89 मध्ये त्याने 65 गोल आणि 90 असिस्ट, म्हणजे 155 पॉइंट्स केले, आणि डेट्रॉइट प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडलं. 1993 मध्ये स्कॉटी बोमन प्रशिक्षक म्हणून आले. त्यांना दोन्ही टोकांना राबणारा सेंटर हवा होता. कर्णधार असलेल्या आयझरमनने ते मानलं. आकडे उतरले: 1996-97 मध्ये 85, पुढच्या वर्षी 69. त्याच दोन्ही वर्षी डेट्रॉइटने स्टॅनली कप जिंकला, त्यातला पहिला 42 वर्षांच्या खंडानंतर. 69 पॉइंट्सच्या त्या मोसमात प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

पॉइंट्स आणि बचाव एकत्र नांदतच नाहीत, असंही समजू नये. आयझरमनचाच सहकारी सर्गेई फेडोरोव्ह: 1993-94 मध्ये 120 पॉइंट्स, आणि त्याच वर्षी मोसमातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट आणि सेल्की, दोन्ही ट्रॉफ्या.

येत्या शनिवारचा सामना जरा वेगळा पाहा. पकामागे डोळे फिरवू नकोस. एकच सेंटर धर. पक हातचा गेला की तो किती झपाट्याने परततो? डिफेन्समन कोपऱ्यात अडकला की पहिला पास घ्यायला तो जवळ येतो का? त्याची स्टिक कुणाच्या पासची वाट अडवते? वहीत मिनिटागणिक लिही आणि ती पानं नव्या यादीआधी मामाला धाड.

तुझा,
मामा