नाचता येईना, आरसा वाकडा!

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण शाळेत आपण सगळ्यांनीच घोकली आहे. वाक्यात उपयोग करून दाखवा म्हटलं की मार्कही मिळवलेत. पण प्रत्यक्ष आयुष्यात तिचा उपयोग मी पहिल्यांदा केला तो मागच्या जानेवारीत, हॉस्टेलच्या गच्चीवर, रात्री साडेबारा वाजता. आणि वाईट म्हणजे नाचता न येणारे आम्हीच होतो.

आमच्या आकाशनिरीक्षण ग्रुपकडे एक आठ इंची न्यूटोनियन दुर्बीण आहे. तिचा आरसा आमच्या एका सिनियर दादाने कॉलेजात असताना स्वतःच्या हाताने घासून बनवला. काचेवर काच ठेवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचं, आणि घासत राहायचं. आधी जाड पूड, मग बारीक, त्याहून बारीक, आणि शेवटी सिरियम ऑक्साइडने पॉलिश. सबमिशन आणि ओरल्स सांभाळून दादाने हे दोन सेमिस्टर केलं. मग त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणला.

पावसाळ्यानंतर आरशावर धूळ आणि डाग दिसले, म्हणून आम्ही तो काढून धुतला आणि परत बसवला. कोणाकडून तरी लेझर आणून कोलिमेशनही केलं. कोलिमेशन म्हणजे दुर्बिणीतले आरसे एका रेषेत आणणे. सगळं व्यवस्थित झालं असं वाटलं. जानेवारीत एका जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यक्रम होता, तिथे दुर्बीण मिथुन राशीतल्या कॅस्टरवर लावली. पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांपैकी हा एक. नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो, पण दुर्बिणीतून त्याचे दोन तारे दिसतात, एकमेकांपासून साधारण ५ विकला अंतरावर. आठ इंची दुर्बिणीला हे म्हणजे डाव्या हाताचा मळ! पण रांगेतली पहिलीच मुलगी म्हणाली, "ताई, हा धूमकेतू आहे का?" मी डोळा लावून पाहिलं. खरंच, ताऱ्याला शेपटी होती.

परत आल्यावर मीटिंग झाली. "आरसा गेला" हे सर्वानुमते ठरलं. कोणी म्हणालं, मुळात घासतानाच चुकला असेल. आरसा पुन्हा घासायला पाठवायचा, असा विषय निघाला. आता पुन्हा घासणे म्हणजे जुना पृष्ठभाग कायमचा संपला. दादाची दोन सेमिस्टर पाण्यात. त्यामुळे मी म्हणाले की एक आठवडा द्या, आधी खोट नक्की कुठे आहे ते बघू. हा लेख त्या आठवड्याचा आहे.

दोन मोठ्या दुर्बिणी, दोन वेगळे लोचे

दुर्बिणीत चित्र बिघडण्याची दोन मुख्य कारणं असतात. एक, आरशाचा आकारच चुकीचा. दोन, आकार बरोबर, पण मांडणी चुकलेली. बाहेरून दोन्ही सारखीच वाटतात: चित्र खराब!

पहिल्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हबल. १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि चित्रं धूसर आली. तिच्या २.४ मीटरच्या आरशाची कड सुमारे २ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती. असा दोष स्क्रू पिळून जात नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन, चष्मा लावावा तशी दुरुस्ती केली. पण ही चूक झाली कशी? आरसा तपासण्याच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मि.मी.ने चुकीच्या जागी बसलं होतं. म्हणजे कारागिरांनी आरसा अगदी अचूक घासला, पण मोजणारं साधनच चुकलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसऱ्याचं उदाहरण जेम्स वेब. तिचा आरसा १८ षट्कोनी तुकड्यांचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने एकाच ताऱ्याचं चित्र पाठवलं, त्यात तोच तारा १८ ठिकाणी दिसत होता! पण कोणी घाबरलं नाही. कारण तुकडे चांगले होते, फक्त एका रेषेत आणायचे होते. एकेक तुकडा हलवत मार्चमध्ये एका ताऱ्याचं टोकदार चित्र आलं.

मग प्रश्न असा की आमची केस हबलची, की वेबची?

पाव फेऱ्याची किंमत

न्यूटोनियन दुर्बीण फार साधी असते. नळीच्या तळाला पॅराबोला आकाराचा मुख्य आरसा. तोंडाजवळ ४५ अंशात बसवलेला छोटा सपाट आरसा, तो प्रकाश बाजूला फोकसरमध्ये वळवतो. फोकसरमध्ये आयपीस, तिथे आपला डोळा. बस्स.

पण पॅराबोलाची एक अट असते. त्याच्या अक्षावरच चित्र परफेक्ट. अक्षापासून बाजूला गेलात की ताऱ्याला शेपटी फुटते. या दोषाला कोमा म्हणतात. शेपटी जाणवणार नाही असं वर्तुळ किती मोठं, तर त्याचा व्यास साधारण ०.०२२ गुणिले एफ-रेशोचा घन, इतके मि.मी. आमची दुर्बीण एफ/६ आहे (२०० मि.मी. आरसा, १२०० मि.मी. फोकल लेंग्थ). म्हणजे ०.०२२ × २१६ = ४.७५ मि.मी. मध्यापासून जेमतेम २.४ मि.मी. एफ/८ असती तर हा व्यास ११ मि.मी. मिळाला असता, एफ/४ असती तर फक्त १.४. म्हणूनच आखूड दुर्बिणी जास्त नखरे करतात.

आता स्क्रूचा हिशोब करू. मुख्य आरशाच्या मागे तीन स्क्रू आहेत, केंद्रापासून ८० मि.मी.वर. एक स्क्रू फिरवला की आरसा बाकीच्या दोघांना जोडणाऱ्या रेषेभोवती कलतो. त्या रेषेपासून स्क्रूचं अंतर १२० मि.मी. एम-६ स्क्रूचा पिच १ मि.मी., म्हणजे पाव फेरा = ०.२५ मि.मी. कल ०.२५/१२०, आणि १२०० मि.मी. पुढे अक्ष सरकला २.५ मि.मी. झालं! एका स्क्रूचा फक्त पाव फेरा, आणि आपण त्या २.४ च्या बाहेर. आणि आम्ही आरसा धुऊन बसवताना स्क्रू कितीदा फिरवले हे मोजलंसुद्धा नव्हतं.

चोर सापडला

"पण आपण लेझरने केलंय ना!" हा सगळ्यांचा मुद्दा होता. मलाही तो पटलेला. मग हबलचं भिंग आठवलं. मी लेझर घेऊन मेट्रॉलॉजी लॅबमध्ये गेले, तो व्ही-ब्लॉकवर ठेवला आणि ३ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडला. लेझर जागच्या जागी गोल फिरवला. ठिपका स्थिर राहायला हवा. आमचा ठिपका भिंतीवर मस्तपैकी वर्तुळ काढत होता, १० से.मी. व्यासाचं!

म्हणजे ३ मीटरवर ५ से.मी.ची चूक. मुख्य आरसा फोकसरपासून १.२ मीटरवर, तिथे २ से.मी. आम्ही ठिपका आरशाच्या 'मध्यावर' पाडला होता तो अंदाजाने, कारण मध्यावर खूणच नव्हती. मग परावर्तित ठिपका परत लेझरवर येईपर्यंत मुख्य आरसा कलवला. ठिपका २ से.मी. बाजूला पडत असेल, तर अक्ष फोकसरपाशी त्याच्या निम्मा, म्हणजे १० मि.मी. सरकतो (वक्रतेचं केंद्र फोकल लेंग्थच्या दुप्पट अंतरावर असतं, म्हणून निम्मा). परवानगी २.४ ची, आणि आम्ही १० वर! शेपटी येणार नाही तर काय होणार?

लेझर वाईट असतो असं नाही. पण वापरण्याआधी व्ही-ब्लॉकवर फिरवून बघा. आणि हो, लेझर चालू असताना कोणीही फोकसरमध्ये डोळा घालायचा नाही.

करायचं कसं?

यासाठी महागडं काहीच लागत नाही. ३२ मि.मी.पेक्षा जरा जाड नायलॉनचा तुकडा घ्या आणि लेथवर टर्न करून फोकसरमध्ये अलगद बसेल असा करा (सव्वा इंची फोकसर म्हणजे ३१.७५ मि.मी.). मध्यावर २ मि.मी.चं आरपार भोक. आतल्या बाजूला पांढरा कागद चिकटवा, भोक मोकळं ठेवून. झालं आपलं यंत्र. भोक लेथवरच पाडा, म्हणजे ते नक्की मध्यावर येईल.

१. मध्याची खूण. ड्रॉइंग शीटचं आरशाएवढं वर्तुळ कापा, दोनदा घडी घाला, टोकाला भोक पाडा. शीट आरशावर ठेवून मध्य मिळतो. तिथे फाइलच्या कागदांना लावतो ती गोल रिंग चिकटवा. चित्र खराब होईल अशी भीती नको, तो भाग छोट्या आरशाच्या सावलीतच असतो.

२. छोटा आरसा जागेवर. नळी आडवी ठेवा, उभी नाही! उभ्या नळीत ॲलन की निसटली की थेट मुख्य आरशावर. आम्ही कीला दोरा बांधून मनगटाला अडकवतो. भोकातून बघा. छोटा आरसा फोकसरच्या बरोबर मध्ये आणि गोल दिसायला हवा. लंबगोल दिसला तर तो फिरलेला आहे. मुख्य आरशाच्या बाजूला पांढरा कागद धरला की कडा स्पष्ट दिसतात.

३. छोट्या आरशाचा कल. त्याचे तीन बारीक स्क्रू फिरवत मुख्य आरशाचं प्रतिबिंब मध्ये आणा. मुख्य आरसा धरून ठेवणाऱ्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसल्या पाहिजेत. या वेळी छोट्या आरशाची काळी आकृती थोडी एका बाजूला सरकलेली दिसते. तो दोष नाही, ४५ अंशांच्या मांडणीत असंच दिसतं. ती मध्ये आणायच्या नादात मी एक संध्याकाळ वाया घालवली आहे.

४. मुख्य आरसा. नळीच्या तोंडातून पांढऱ्या कागदावर टॉर्च मारा. आता भोकाचं काळं प्रतिबिंब मुख्य आरशावरच्या रिंगजवळ दिसेल. ते रिंगच्या बरोबर मध्ये येईपर्यंत मागचे स्क्रू फिरवा. एक जण भोकापाशी, एक जण स्क्रूपाशी. "डावीकडे, नाही रे, माझ्या डावीकडे!" असे संवाद होतील, होऊ द्या. स्क्रू घट्ट पिळू नका, आणि शेवटी लॉक केल्यावर परत एकदा बघा.

शेवटचा परीक्षक: तारा

दुर्बीण बाहेर काढून किमान अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. गरम आरशावरची हवा चित्र हलवते. मग २०० पटीच्या आसपास मोठेपणा लावून एक मध्यम तेजस्वी तारा मध्यावर आणा आणि फोकस किंचित बिघडवा. सावलीभोवती वर्तुळं दिसतील. सगळी एककेंद्री असतील तर पास. एका बाजूला कलली असतील तर मुख्य आरशाचा स्क्रू अगदी थोडा फिरवा. तारा सरकेल, तो पुन्हा मध्यावर आणूनच पुढचं बघा, कारण कडेला तर चांगल्या दुर्बिणीतही शेपटी येते.

बऱ्याच परदेशी पुस्तकांत यासाठी ध्रुवतारा वापरा असं लिहिलेलं असतं, कारण तो जवळपास हलत नाही. लंडनमध्ये ठीक आहे, तिथे तो ५१ अंशांवर असतो. पुण्यात तो जेमतेम साडेअठरा अंशांवर! तिथली जाड हवा पार करून येताना तो उकळल्यासारखा थरथरतो. आपण डोक्याजवळचा तारा घ्यावा. तो साधारण एका मिनिटात आयपीसच्या बाहेर जातो, तेवढं ढकलत राहावं लागतं.

आणि तरीही चित्र बिघडलंच, तर? मध्यावरसुद्धा एकाच दिशेला शेपटी असेल तर मांडणी. तारा तिकोनी दिसला तर आरशाच्या क्लिपा जास्त आवळल्या आहेत, सैल करा. लंबगोल दिसला आणि फोकसच्या अलीकडे-पलीकडे तो ९० अंशांत वळला, तर ॲस्टिग्मॅटिझम. पण आधी मान तिरकी करून बघा, लंबगोल तुमच्याबरोबर फिरला तर दोष तुमच्या डोळ्यात! हे सगळं झाल्यावरच आरशाच्या आकारावर संशय घ्यायचा.

साडेबाराची गोष्ट

शनिवारी रात्री आम्ही पाच जण गच्चीवर होतो. चारही पायऱ्या झाल्या. मुख्य आरशाचा एक स्क्रू जवळजवळ एक पूर्ण फेरा फिरवावा लागला. पाव फेऱ्याला २.५, तर पूर्ण फेऱ्याला १० मि.मी. हिशोब जुळत होता. कॅस्टर मध्यावर आणला. दोन ठिपके, एक मोठा, एक लहान, आणि मध्ये स्वच्छ काळी फट. कोणी काही बोललं नाही. मग रांगेने सगळ्यांनी दोन-दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. आरसा घासायला पाठवायचं जवळपास ठरलं होतं, हेही सांगून टाकलं. मला वाटलं चिडेल. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मध्यावर खूण होती का?" मी नाही म्हटलं. "ती मी तेव्हाच करायला हवी होती," तो म्हणाला. "आता केलीस ना? बास."

ज्युनियर्ससाठी: नायलॉनचा तो तुकडा ग्रुपच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, दोरा बांधलेली ॲलन की पण तिथेच. आरसा काढला, धुतला किंवा दुर्बीण जीपमधून नेली, की दर वेळी वापरा. दहा मिनिटं लागतात. त्या शाळेतही आम्ही फेब्रुवारीत परत जाऊन आलो. धूमकेतूवाली मुलगी रांगेत पहिलीच होती. बघून म्हणाली, "ताई, आज दोन आहेत." मी म्हटलं, "त्या दिवशीपण दोनच होते गं."