डावी कड वाचायला शिक

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

लायसन्स हातात आल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. अभिनंदन! आता गारखेड्याहून चिकलठाण्याला रोज गाडी घेऊन जायचं ठरतंय, हेही कळलं. आईला धास्ती ट्रकची आहे. मामाला ट्रकची फारशी नाही. ट्रक दिसतो, ऐकू येतो, त्याला माणूस आपसूक वचकून असतो. मामाला काळजी आहे ती डाव्या हाताने, रस्त्याच्या कडेकडेने चाललेल्या सायकलवाल्यांची. लायसन्सच्या परीक्षेत गाडी मागे घ्यायला लावतात, वळवायला लावतात, पण तिथे पुढ्यात सायकल येत नाही. ती भेटते थेट जालना रोडवर, तीही नेमकी ऑफिसला उशीर झालेला असताना.

सायकलस्वार म्हटलं की रविवारी पहाटे हेल्मेट घालून दौलताबादकडे निघालेली मंडळी डोळ्यांपुढे येतात. त्यांचं कौतुकच आहे. पण आपल्या शहरात सायकल रोज चालते ती त्यांच्यामुळे नाही. रात्रपाळी करून घरी परतणारा वॉचमन, हँडलला डबा अडकवून साइटवर निघालेला गवंडी, पेपर टाकणारी पोरं आणि शाळकरी मुली. ग्रामीण भागात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात. ती सायकल नसती तर त्यांतल्या कितीतरी मुलींची शाळा सातवीतच थांबली असती. यांच्यापैकी कोणी हौसेने तुझ्या वाटेत आलेलं नसतं.

अपघात झाला की गाडीवाल्याचं वाक्य ठरलेलं असतं: ‘तो एकदम आडवा आला.’ बहुतेक वेळा ते खरं नसतं. सायकलवाला कडेनेच का चालत राहत नाही, हे कळायला आपल्या रस्त्यांची कड एकदा नीट बघायला हवी. डांबर संपतं तिथे दोन बोटांची पायरी असते, तिच्यावरून चाक घसरतं. पुढे चेंबरचं झाकण, कुठे वर आलेलं, कुठे खाली खचलेलं. नव्या पाणीयोजनेची पाइपलाइन टाकताना खोदलेला चर मुरूम टाकून बुजवलेला असतो आणि पहिल्या पावसात पुन्हा बसतो. दुभाजकाचा कट लांब पडतो म्हणून राँग साइडने येणारी दुचाकीही त्याच कडेने येते. त्यात शेअर रिक्षावाल्याला सवारी दिसली की तो इंडिकेटरच्या भानगडीत पडत नाही, जागच्या जागी थांबतो. यातलं काहीही पुढे आलं की सायकलवाल्याला उजवीकडे सरकावंच लागतं, पर्याय नसतो.

म्हणजे तो सरकणार आहे, हे तुला त्याच्या आधी कळू शकतं. तुझी सीट त्याच्या सीटइतकी उंच नसेल, पण काचेतून वीस-तीस मीटर पुढचं सगळं दिसतं. थांबलेली रिक्षा दिसली आणि तिच्या मागे सायकल दिसली की पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, बस. दुसरी खूण माणसाच्या अंगात असते. चाक वळायच्या आधी खांदा वळतो, खांद्याच्या आधी मान. दप्तर कॅरिअरला लावून चाललेली मुलगी बघ. चेंबर आला की पायडल मारायचं थांबवते, ओढणी चेनमध्ये जाऊ नये म्हणून एका हाताने सावरते, उजव्या खांद्यावरून निमिषभर मागे बघते. ती मान वळली की पुढच्या सेकंदात सायकल उजवीकडे येणार, असं धरूनच चाल. आणि मागे न बघता वळणारेही पुष्कळ असतात, म्हणून मान वळायची वाट बघत बसू नकोस.

ओव्हरटेक करताना मधे किती जागा सोडायची? ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून निदान दीड मीटर लिहिलं आहे, वेग वाढला तर त्याहून जास्त. आपल्याकडे एवढी जागा प्रत्येक ठिकाणी मिळणार नाही. तेव्हा नियम सोपा ठेवायचा: जागा नसेल तर ओव्हरटेक नाही. मकई गेटचंच घे. खाम नदीवरच्या जुन्या पुलाला लागून तो दरवाजा उभा आहे. मोटारी येतील असं बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तिथे सायकलवाला मधोमध चालत असेल तर तो शहाणा आहे, आडमुठा नाही. कडेला राहिला तर कोणीतरी शेजारून घुसणार आणि त्याला दगडी भिंतीला घासणार, हे त्याला ठाऊक असतं. मागून हॉर्न वाजवून काय साधणार? शंभर मीटर त्याच्या मागे ताशी १५ किलोमीटरने गेलीस तर २४ सेकंद लागतील. ४० ने गेली असतीस तर ९ लागले असते. तोटा पंधरा सेकंदांचा. त्याहून जास्त वेळ तर पुढच्या सिग्नलवर जातो.

डावीकडे वळतानाही हीच घाई नडते. सायकलला मागे टाकायचं आणि लगेच तिच्यासमोर डावं वळण घ्यायचं, हा प्रकार जालना रोडवर आकाशवाणीपासून सिडकोपर्यंत कुठेही उभं राहिलं तरी दिसेल. वळायचं असेल तर सायकलच्या मागेच राहावं, ती पुढे गेली की वळावं.

गाडी कडेला लावलीस की दार उजव्या हाताने उघडू नकोस, डाव्या हाताने उघड. विचित्र वाटेल. पण डावा हात दाराकडे नेला की अंग आपोआप वळतं आणि नजर आरशावर, मग मागच्या रस्त्यावर जाते. नेदरलँड्समध्ये ही सवय लावतात. त्या देशाचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो: तिथेही पूर्वी सगळं आलबेल नव्हतं. १९७१ मध्ये तिथल्या रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, मग १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली आणि हळूहळू सायकलींसाठी वेगळे मार्ग झाले. आपल्याकडेही २०२० च्या ‘सायकल्स फॉर चेंज’ मोहिमेच्या निमित्ताने क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन रस्त्यावर सायकलचा पट्टा करून पाहिला गेला. मामाचं मत विचारशील तर नुसत्या रंगाच्या पट्ट्याने काही होत नाही. मधे उंचवटा नसेल तर तिथे गाड्याच लागतात.

आता वेगाचं. ताशी ६० ने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धर. तेवढ्यात २५ मीटर गेले, ब्रेक अजून लागायचाच आहे. ३० ने हेच अंतर साडेबारा होतं आणि ब्रेक लागल्यावरची घसरण तर चौथाईवर येते. रस्ता रुंद आणि मोकळा असला की हे विसरायला होतं. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या कामात मोठा वाटा असलेले अवतार सैनी २८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर सोबत्यांबरोबर सायकल चालवत होते. मागून आलेल्या टॅक्सीने त्यांना धडक दिली आणि ते गेले. तिथे ना खड्डा होता, ना गर्दी. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली; त्यांत साडेचार हजारांहून जास्त सायकलवर होती.

तुझा धाकटा भाऊ क्लासला सायकलने जातो, म्हणून हा भाग त्याला वाचून दाखव. राँग साइड अजिबात नाही. त्याचा १५ चा आणि समोरच्या गाडीचा ४० चा वेग मिळून ५५ होतात, सावरायला दोघांनाही वेळ उरत नाही. कानात इअरफोन नको. मागे लाल दिवा हवाच, कारण उंचावरून बसचालकाला काळ्या टी-शर्टातला मुलगा संध्याकाळी सातला दिसतच नाही. वळायच्या आधी मागे बघून हात दाखवायचा. बस किंवा ट्रक सिग्नलला थांबला असेल तर त्याच्या डाव्या अंगाने पुढे घुसायचं नाही. चालकाच्या आरशात तो कोपरा येत नाही. हेल्मेटचा कंटाळा करतो असं ऐकलं. त्याच्याशी मामा वेगळं बोलेल.

आणि कधी कोणाला लागलेलं दिसलं तर थांब. १०८ ला फोन कर, नाहीतर रिक्षा करून घाटी रुग्णालयात ने. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे. मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. बाबा ‘पोलिसांच्या झंझटीत पडू नको’ म्हणतील, त्यांना हे कलम दाखव.

एक राहिलं. तुमच्या गाडीचा डावा आरसा गल्लीत घासू नये म्हणून बाबांनी कायम मिटून ठेवलेला असतो. सोमवारच्या आत तो उघडून, तुझ्या उंचीला लावून घे. आजीला नमस्कार.

तुझा मामा