ताटातले आकडे : सहावी ते आठवीच्या मुलांसाठी संगणकावरील एक पाठ

विज्ञानाच्या पुस्तकात आहारावर एक धडा असतो. प्रथिने शरीराची वाढ करतात, कर्बोदके ऊर्जा देतात, लोहाने रक्त वाढते, ही वाक्ये मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. परंतु मधल्या सुट्टीत हातात दहा रुपये असताना तळलेल्या नळ्यांचा पुडा घ्यावा की शेंगदाण्याची चिक्की, असा प्रश्न पुढे आला म्हणजे ती वाक्ये उपयोगी पडत नाहीत. तेथे तुलना करावी लागते, आणि तुलना आकड्यांवाचून होत नाही. हीच तुलना मुलांनी स्वतः करावी म्हणून प्रस्तुत पाठ तयार केला आहे. शाळेत, वस्तीतील अभ्यासिकेत किंवा रविवारच्या वर्गात तो घेता येईल. एक संगणक आणि दहा-बारा मुले एवढे असले तरी पुरे. लिब्रेऑफिस कॅल्क हा कार्यक्रम फुकट मिळतो. एक्सेल असल्यास उत्तमच.

स्प्रेडशीट म्हणजे काय, हे मुलांना किराणा दुकानदाराच्या वहीवरून समजावून द्यावे. आडव्या ओळी, उभे रकाने, आणि दोन्ही जेथे भेटतात ती चौकट. फरक एवढाच की दुकानदाराच्या वहीत एक आकडा खोडला की खालची सगळी बेरीज पुन्हा करावी लागते. येथे ती आपोआप होते. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकनांनी व्हिजिकॅल्क नावाचा असा पहिला लोकप्रिय कार्यक्रम १९७९ मध्ये बाजारात आणला, तो हिशेबासाठी. आपणही हिशेबच करणार आहोत. फक्त रुपयांच्या जागी ग्रॅम आणि मिलिग्रॅम.

आता आकडे आणायचे कोठून? ऐकीव माहितीवर किंवा जाहिरातीवर हा पाठ उभा करू नये. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था हे काम पिढ्यान्पिढ्या करीत आली आहे. या संस्थेची सुरुवात १९१८ मध्ये कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या तपासासाठी एका लहानशा खोलीत झाली. पुढे १९५८ मध्ये ती हैदराबादला गेली. २०१७ मध्ये तिने ५२८ भारतीय खाद्यपदार्थांच्या पृथक्करणाचे तक्ते प्रसिद्ध केले. ग्रंथालयांत याच संस्थेचे जुने पुस्तकही सापडते आणि त्यातील आकडे थोडे वेगळे दिसतात. उदाहरणार्थ, नाचणीतील कॅल्शियम जुन्या पुस्तकात ३४४ मिलिग्रॅम, नव्या तक्त्यात ३६४. यात घाबरण्यासारखे काही नाही. वाण, जमीन आणि तपासणीची पद्धत बदलली की आकडा बदलतो. मात्र एका तक्त्यात दोन पुस्तकांची सरमिसळ करू नये, एवढे पथ्य पाळावे.

पहिल्या तासिकेला पाच धान्ये पुरेत. नव्या तक्त्यातील आकडे (कच्चे धान्य, १०० ग्रॅम) असे आहेत :

| धान्य | ऊर्जा (किलोज्यूल) | प्रथिने (ग्रॅम) | तंतू (ग्रॅम) | कॅल्शियम (मि.ग्रॅ.) | लोह (मि.ग्रॅ.) |
|---|---|---|---|---|---|
| तांदूळ (सडलेला) | १४९१ | ७.९ | २.८ | ७.५ | ०.६५ |
| गव्हाचे पीठ | १३४० | १०.६ | ११.४ | ३०.९ | ४.१ |
| ज्वारी | १३९८ | १०.० | १०.२ | २७.६ | ३.९५ |
| बाजरी | १४५६ | ११.० | ११.५ | २७.४ | ६.४ |
| नाचणी | १३४२ | ७.२ | ११.२ | ३६४ | ४.६ |

मुलांनी हा तक्ता स्वतः टंकित करावा. चौकटीत फक्त आकडा लिहायचा. "११ ग्रॅम" असे लिहिले की संगणक त्याला शब्द समजतो आणि गणित अडते. एकक वरच्या शीर्षकात एकदाच लिहावे. ही शिस्त बहुतेक मुलांना दुसऱ्या चुकीनंतर लागते, म्हणून ती चूक त्यांना करू द्यावी.

ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे; आपल्याला किलोकॅलरी हवी. शेवटच्या रिकाम्या रकान्यात सूत्र लिहावे : =बी२/४.१८४. (कळफलकावर ही अक्षरे इंग्रजी असतात, येथे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत.) तांदळासमोर ३५६ येईल. ती चौकट धरून खाली ओढली की पाचही धान्यांचे उत्तर मिळते, आणि मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. मग लोहाच्या रकान्यावर क्रम लावण्यास सांगावे. बाजरी वर जाते, तांदूळ तळाला बसतो. कॅल्शियमवर क्रम लावला की नाचणी वर, तांदूळ पुन्हा तळाला. प्रथिनांवर लावला तर मात्र नाचणी तांदळाच्याही खाली घसरते. सर्व बाबतीत पहिले येणारे धान्य नाही, हे मुलांना येथे आपसूक कळते.

या ठिकाणी शिक्षकाने थोडे थांबावे. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांना आपल्याकडे बराच काळ गरिबाचे, गावाकडचे अन्न मानले गेले. हातात चार पैसे आले की घरात पांढरा तांदूळ आणि मैद्याचा पाव आला. पाहुण्यापुढे भाकरी वाढायला आईला संकोच वाटू लागला. तक्ता या संकोचाला साधे उत्तर देतो. पण खरी कसोटी पुढे आहे. "काल रात्री घरी काय जेवलात ते पहिल्या रकान्यात लिहा" असे सांगितले की काही मुले पोळी-भाजी लिहितात आणि पेन खाली ठेवतात. सुकट, बोंबील, काळीज, वजडी ही नावे लिहायला ती धजत नाहीत. शेजारचा मुलगा काय म्हणेल, ही भीती असते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाची जी नोंद केली, ती वाचली म्हणजे ही भीती कोठून येते हे समजते. शिक्षकाने आपल्या तक्त्यात ही नावे आधीच, सगळ्यांच्या देखत, भाकरी-वरणाच्या ओळीतच लिहून ठेवावीत. काळजात लोह, अ जीवनसत्त्व आणि ब-१२ भरपूर असते, आणि प्राण्यांपासून मिळणारे लोह शरीर अधिक सहजपणे घेते, हे विज्ञान आहे. सुकटीतील पाणी गेलेले असल्याने तिच्यात प्रथिने दाटलेली असतात. मीठही तितकेच असते, तेही सांगावे. संगणकाला जात कळत नाही, निदान या तक्त्यात तरी.

सुकटीच्या निमित्ताने एक सापळा दाखवून द्यावा. १०० ग्रॅम कच्ची डाळ आणि १०० ग्रॅम शिजलेले वरण यांची तुलना करता येत नाही, कारण वरणात निम्म्याहून अधिक पाणी असते. तसेच कोथिंबिरीच्या १०० ग्रॅमचे आकडे कितीही चांगले असले तरी १०० ग्रॅम कोथिंबीर कोण खातो? म्हणून दुसऱ्या तासिकेला "प्रत्यक्ष खाल्लेले ग्रॅम" असा एक रकाना वाढवावा आणि सूत्र द्यावे : =बी२*सी२/१००. बी मध्ये खाल्लेले ग्रॅम, सी मध्ये १०० ग्रॅममागचा आकडा. स्वयंपाकघरातील काटा नसेल तर वाटी आणि दुकानदाराचा काटा चालतो.

तिसऱ्या तासिकेचा विषय मी शाळेतीलच घेतो : दुपारचे जेवण. केंद्राची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २०२१ पासून तिला पीएम पोषण म्हणतात. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलासाठी तिच्यात १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि ७.५ ग्रॅम तेल ठरलेले आहे, आणि त्यातून ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा दंडक आहे. मुलांनी हा दंडक तपासावा. तांदूळ १५० ग्रॅम म्हणजे ५३४ किलोकॅलरी, तूरडाळ ३० ग्रॅम म्हणजे सुमारे ९९, तेलाच्या ६७.५. बेरीज ७००. भाजी धरण्याआधीच ऊर्जेचा हिशेब पुरा झाला!

आता प्रथिने. तांदळाची ११.९, डाळीची (१०० ग्रॅमला २१.७ प्रमाणे) ६.५, एकूण १८.४. उरलेले दीड ग्रॅम भाजीतून यायला हवे. पालक असेल तर ७५ ग्रॅममधून ते मिळते. दुधीभोपळा असेल तर मिळत नाही. आणि डाळ ३० ऐवजी २० ग्रॅमच पडली तर? मुलांनी तो एक आकडा बदलून पाहावा. प्रथिने १६.२ वर येतात, आणि पातळ वरणाचा अर्थ आठवीतल्या मुलीलाही समजतो.

लोहाचा हिशेब अधिक बोचतो. तांदूळ आणि डाळ मिळून लोह सुमारे २.१ मिलिग्रॅम भरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याची कारणे एका ताटात मावणारी नाहीत, तरीही तक्त्यात एक बदल करून पाहण्यास हरकत नाही : १५० ग्रॅम तांदळातील ५० ग्रॅम काढून बाजरी घालावी. ऊर्जा जवळजवळ तेवढीच राहते, प्रथिने भाजीशिवाय १९.९ वर जातात आणि लोह ५ मिलिग्रॅमवर, म्हणजे दुपटीहून अधिक. बाजरीतील फायटेटमुळे सगळे लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबाची फोड किंवा आवळा असला तर ते अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. हे तक्त्यात दिसत नाही, म्हणून तोंडी सांगावे लागते.

बाजारातील पुड्यांसाठी चौथी तासिका काढता आली तर उत्तम. मुलांनी रिकामी वेष्टने आणावीत. मागच्या बाजूस पोषणमूल्यांची चौकट असते. काही आकडे १०० ग्रॅमचे, काही एका वाढणीचे, आणि ही वाढणी कधीकधी इतकी लहान असते की साखर नगण्य वाटावी. म्हणून सगळे १०० ग्रॅमवर आणूनच तुलना करावी. चौकटीची पडताळणीही करता येते : प्रथिने आणि कर्बोदके यांच्या ग्रॅमला ४ ने, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमला ९ ने गुणून बेरीज केली की छापलेल्या ऊर्जेच्या जवळपास यायला हवे.

त्यापुढे किमतीचा रकाना. एक ग्रॅम प्रथिन कितीला पडते? समजा शेंगदाणे १५० रुपये किलो आहेत. त्यांत १०० ग्रॅमला २३.७ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे एक ग्रॅम साधारण ६३ पैशांना. दुधात घालायची "ताकदीची" पावडर समजा अर्धा किलो ४०० रुपयांना आहे आणि तिच्या वेष्टनावर १०० ग्रॅमला ७ ग्रॅम प्रथिने छापली आहेत. तर एक ग्रॅम ११ रुपये ४३ पैशांना. मुलांनी येथे आपल्या दुकानातील खरे भाव आणि खऱ्या वेष्टनावरचे आकडे भरावेत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये "हेल्थ ड्रिंक" या वर्गातून काढण्यास सांगितले होते. मुलीने घरी हा तक्ता दाखवला तर आईचे महिन्याचे काही शे रुपये वाचतील, आणि त्यात अंडी येतील.

आलेख काढताना ऊर्जा आणि लोह एकाच आलेखात घेऊ नयेत. ३५६ शेजारी ०.६५ चा खांब दिसतच नाही. प्रत्येक घटकाचा वेगळा स्तंभालेख काढावा. शेवटी दुपारच्या जेवणाच्या तक्त्याची एक प्रत छापून घ्यावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेव्हा ती प्रत मुलांनी आपल्या पालकांच्या हाती द्यावी, त्यांनी ती समितीच्या पुढील बैठकीत मांडावी, आणि बाजरीची ती ५० ग्रॅमची ओळ लाल रंगात ठेवावी.