दोन वेळचा सूर्य

माझी आपा पहाटे उठते. मला मात्र रात्री जागून वाचायला आवडते. आपा चिडवते, "तुला सूर्योदय कधीच दिसणार नाही!"

अब्बा रात्रपाळीला जातात. मी त्यांना विचारले, "अब्बा, मी काय करू?"

अब्बा म्हणाले, "बेटा, मी कामावरून परततो, तेव्हा सूर्य उगवत असतो. आपा चहा करते आणि तू झोपलेला असतोस. तू संध्याकाळी जुहूला जा. तेथे सूर्य समुद्रात बुडताना दिसतो."

"आणि सूर्योदय?"

"मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, पण जानेवारीत सव्वासातच्या सुमारास. तेव्हा आपण गेटवे ऑफ इंडियाला जाऊ. तेथे समुद्र पूर्वेला आहे."

"दोन्ही वेळी आकाश तांबडे का दिसते?" आपाने विचारले.

"तेव्हा सूर्याचे किरण हवेतून लांबचा प्रवास करतात. निळा प्रकाश वाटेतच विखुरतो. तांबडा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. पण सूर्याकडे टक लावून पाहू नये. डोळ्यांना इजा होते."

जानेवारीत एका रविवारी आम्ही तिघे गेटवेला गेलो. समुद्रापलीकडून सूर्य वर आला. अब्बांची रात्र संपली होती आणि आमचा दिवस सुरू झाला होता. त्या दिवशी सूर्य आम्ही एकत्र पाहिला.

शब्दार्थ
रात्रपाळी – रात्रीच्या वेळचे काम
विखुरणे – इकडेतिकडे पसरणे
टक लावून पाहणे – एकसारखे पाहणे

स्वाध्याय
१. अब्बा सूर्योदय केव्हा पाहतात?
२. सूर्याकडे टक लावून का पाहू नये?
३. तुम्हांला कोणत्या वेळचा सूर्य आवडतो? चार वाक्ये लिहा.