प्लेटलेट दिल्याने अशक्तपणा येतो का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या आळीतल्या एक काकू सकाळीच दवाखान्यात आल्या. पुतण्याला डेंग्यू झाला होता आणि प्लेटलेट देण्यासाठी त्यांच्या मुलाला रक्तपेढीने बोलावले होते. "डॉक्टरसाहेब, पोराच्या पांढऱ्या पेशी काढून घेतल्या आणि उद्या त्यालाच ताप आला तर?"

शंका रास्त होती. पण प्लेटलेट म्हणजे पांढऱ्या पेशी नव्हेत. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. प्लेटलेट जखमेतले रक्त थांबवतात. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्यांचे आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचे. म्हणून हाडांच्या मगजात त्या रोज नव्याने तयार होतच असतात.

दात्याचे रक्त यंत्रात जाते, तेथे प्लेटलेट वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त परत त्याच्याच शरीरात येते. काम तास-दीड तासाचे. नळ्या व सुई दर वेळी नव्या, त्यामुळे रोग लागण्याची भीती नाही. दात्याच्या प्लेटलेट सुमारे पाव हिश्श्याने घटतात आणि काही दिवसांत भरून येतात. त्या दीड लाखाहून कमी असतील तर दान घेतच नाहीत. दोन दानांत किमान ४८ तासांचे अंतर लागते. आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळांपेक्षा अधिक देता येत नाही.

नळ्यांत थोडे रक्त राहून जाते. म्हणून वारंवार देणाऱ्यांनी हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावे. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात सायट्रेट घालतात. त्याने शरीरातील कॅल्शियम तात्पुरते उतरते आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. तसे वाटताच लगेच सांगावे. यंत्राचा वेग कमी केला की बहुधा बरे वाटते.

दानापूर्वी पोटभर जेवावे, भरपूर पाणी प्यावे. तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतली असेल, अंगात कणकण असेल तर लपवू नये. दानानंतर ताप आला तर रक्तपेढीला ताबडतोब कळवावे.

काकूंच्या मुलाचे आकडे मी स्वतः पाहिले. आधी २ लाख ४० हजार, दानानंतर १ लाख ७५ हजार, पाचव्या दिवशी २ लाख ३५ हजार. तो कागद मी काकूंच्या हातात दिला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.